मामाचा गुडघा

माझ्या गुडघ्याचं पहिलं निदान आमच्या गल्लीतल्या किराणावाल्यानं केलं. "सर, वंगण संपलंय तुमचं," असं म्हणून तो पुन्हा साखर तोलायला लागला. दुसरं निदान व्हॉलीबॉलच्या ग्राऊंडवर झालं, ते म्हणजे लिगामेंट. आमच्याकडं गुडघ्याला काहीही झालं तरी ते लिगामेंटच असतं. तिसरं मायनं केलं आणि ते सगळ्यांत ठाम होतं. "नजर लागली," ती म्हणाली. "चाळिशी उलटलेला बाप्या पोरासोरांत टणाटणा उड्या मारतो. लागंल न्हाई तर काय?"

खरं काय होतं ते फार उशिरा कळलं. गुडघ्याच्या वाटीखाली एक जाड दोरी असते, ती वाटीला नडगीच्या हाडाशी बांधून ठेवते. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी नेटजवळ उडी मारली की ती जुन्या कासऱ्यासारखी एकेका पदरानं विरत जाते. एकदम तुटत नाही, त्यामुळं कुणाला काही दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, प्लास्टर नाही. नुसता माणूस जिना उतरताना भिंतीला हात लावतो आणि तोंड वाकडं करतो.

माझी उडी चांगली होती, हे इथंच सांगून ठेवतो. नम्रपणाचं सोंग मला जमत नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आई-वडील दरसाल दसरा झाला की कोयते घेऊन पश्चिमेकडं ऊसतोडीला जायचे, आणि मी शाळा बुडवून त्यांच्यामागं जायचो किंवा गावात नातेवाइकांकडं राहून शाळा करायचो. त्यातून बी.ए. झालो, एम.ए. झालो, आज बीडमध्ये एका कॉलेजात इतिहास शिकवतो. कुणी म्हणतं, हा सारखं सांगत असतो. सांगतोच. ज्याच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यानं नाही सांगितलं तरी चालतं.

तर गुडघा दुखायला लागला आणि आमच्या घरच्यांनी अशी एक चूक केली, जी दुसऱ्या कुणी केली नसती. त्यांनी मला आराम दिला.

तुम्ही म्हणाल, यात चूक काय? पण आमच्या घरात आरामाला जी किंमत होती ती समजून घ्यायला पाहिजे. उसाच्या फडात माणूस तापानं फणफणला तरी मोळ्या बांधायचाच. वडलांचे गुडघे, मायची कंबर, आक्काचे खांदे, कशालाच कधी आराम मिळाला नाही. त्यामुळं आराम ही या जगातली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत महाग दवा आहे, असं आमच्यात सगळे मनापासून मानतात. आणि आता घरात असा एक माणूस होता ज्याला ती परवडत होती. मग काय, सगळे तुटूनच पडले. माय गावाहून येऊन राहिली आणि माझ्या हातातला पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घ्यायला लागली. एरंडाची पानं गरम करून बांधली, निर्गुडीचा शेक दिला. बिब्ब्याचा डाग द्यायचं तिच्या फार मनात होतं, त्याला मात्र बायकोनं साफ नकार दिला. कॉलेजात माझे तास खालच्या मजल्यावर आले. गावात कुणाच्या बारशाला, कुणाच्या वास्तूला गेलो की सगळे खाली पंगतीत बसायचे आणि माझ्यासाठी कुठून तरी खुर्ची यायची. "सरांना खुर्ची द्या रे!" आधी ती खुर्ची शिक्षणाला मिळायची. मला ते आवडायचं. पुढं पुढं ती पायाला मिळायला लागली आणि ते मला अजिबात आवडत नव्हतं.

वर्षभर असा आराम केला. एका अस्थिरोग तज्ज्ञाकडं इंजेक्शनही घेतलं. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी गुडघा होता तिथं. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी पाय बारीक झाला. दोन्ही मांड्या शेजारी ठेवून पाहिल्या तर डावी माझी आणि उजवी दुसऱ्या कुणाची तरी वाटायची.

अशात दसऱ्याच्या सुमारास आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तलवाड्याला दिलेली. तिच्या पोरीचं लग्न जमलं होतं. ही भाची कॉलेजची तीनही वर्षं माझ्या घरी राहून शिकली, त्यामुळं ती अर्धी माझीच. सुपारी फुटायला आम्ही सगळे तलवाड्याला गेलो. तारीख वैशाखातली धरली, कारण आमची निम्मी भावकी फडात असते आणि कारखान्याचा पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे गाळप बंद झाल्याशिवाय परत येत नाही.

बोलणी झाली, पाहुणे गेले, आणि आक्का माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"उचलायचं कसं करायचं?" तिनं विचारलं.

काय उचलायचं ते सांगायची गरज नव्हती. आमच्यात नवरी चालत बोहल्यावर जात नाही. तिला तिचा मामा दोन्ही हातांवर उचलून नेतो. भटजी माईकवरून पुकारतात, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, आणि सगळा मांडव माना वळवून बघतो.

माझा चुलतभाऊ तिथंच सुपारी कातरत बसला होता. तो दरसाल कारखान्याला जातो, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा गडी. तो म्हणाला, "त्यात काय, मी उचलतो की. एका हातानं नेतो. मी मामा न्हाई का?"

"तू बी मामाच हाईस," आक्का म्हणाली. "पण सख्खा जित्ता हाय ना अजून?"

"जित्ता हाय, पर उभा कुटं हाय?" चुलतभाऊ म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो. आक्का हसली नाही.

तिचं कारण मला माहीत होतं. तिचं लग्न ऐन हंगामात झालं, आई-वडील तेवढ्यापुरते फडातून आले होते. नवऱ्याकडच्यांना माघातलीच तिथी पाहिजे होती. आमचा एकुलता एक मामा तेव्हा फडात होता आणि मुकादमानं त्याला सोडलं नाही. त्याच्या जागी उचलावं तर मी शाळकरी, हाडं मोजून घ्यावीत असा. वडील म्हणाले, चालत जाऊ दे. आणि आक्का घराच्या दारापासून बोहल्यापर्यंत सगळ्या वऱ्हाडातून खाली मान घालून चालत गेली. बायकांत कुणी तरी मोठ्यानं विचारलं होतं, "हिला मामा न्हाई व्हय?" मी तिच्यामागं चालत होतो, मला ऐकू आलं होतं. तिला तर आलंच.

"माझी पोर चालत जायची न्हाई," ती म्हणाली. "तुला जमत असंल तर आत्ता सांग. न्हाई जमत तर तसं सांग, मी ह्याला धरते. पर आयत्या वक्ताला मांडवात तमाशा नको."

मी म्हणालो, जमतं. त्या दिवशी मला पाटावरून आधाराशिवाय उठता येत नव्हतं.

बीडला परत आलो आणि एका सहकाऱ्यानं सांगितलेल्या फिजिओथेरपिस्टकडं गेलो. वयानं माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा मॅडम होत्या, पण हात लोहाराचे. त्यांनी वाटीखाली अंगठा असा दाबला की मला माझे पूर्वज दिसले. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय करता यायला हवंय?"

आता खरं सांगायला काय जात होतं? पण शिकलेला माणूस, इतिहासाचा प्राध्यापक, या पोरीला काय सांगू की मला भाचीला उचलून न्यायचंय? मी म्हणालो, "जिना चढता-उतरता आला तरी बास."

"किती दिवस आराम केलात?"

"वर्ष झालं," मी जरा अभिमानानंच सांगितलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, ही दोरी आरामानं बरी होत नाही. तिला काम लागतं. हळू, जड आणि नेमानं केलेलं काम. आराम देऊन देऊन तुम्ही तिला आळशी करून ठेवलंय. व्यायाम करताना थोडं दुखलं तर दुखू द्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्यापेक्षा जास्त दुखलं, तर समजायचं आदल्या दिवशी आपण जास्ती केलं."

हे घरी येऊन मायला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी दुखतंय तर काम कर? आन् ह्याचे पैसे घेती का ती बाई? आमाला मुकादम फुकट सांगायचा हे."

पहिला व्यायाम होता तो भिंतीचा. पाठ भिंतीला टेकवायची, गुडघे वाकवायचे आणि खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं थांबायचं. मी हॉलमध्ये असा बसलो होतो, मांडी थरथरत होती, घाम फुटला होता. माय बाहेरून आली, दारातच थबकली. माझ्याकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं.

"खुर्ची हाय की घरात," ती म्हणाली. "हवेत काऊन बसायलास?"

"व्यायाम हाय माय."

"शिकून शिकून ह्ये शिकलास," म्हणून ती आत गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीशी गेलो तर तिथली सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवलेली होती, पाय घसरू नये म्हणून. नंतर ती रोज तशीच असायची.

त्या थंडीचे दिवस मला चांगले आठवतात. सकाळी उठून खिडकीसमोरच्या भिंतीला पाठ लावायची. समोरच्या गल्लीत दूधवाला यायचा, पोरं शाळेला निघायची, शेजारची म्हातारी तुळशीला पाणी घालून सगळ्या गल्लीचा उद्धार करायची. आधी मला हे काही दिसायचं नाही, फक्त मांडीतली आग कळायची. हळूहळू आग तेवढीच राहिली पण गल्ली दिसायला लागली. मग मॅडमनी पायरीवरून एका पायानं सावकाश उतरायला लावलं, पाठीवर सॅकमध्ये पुस्तकं भरून उठाबशा काढायला लावल्या. जाड पुस्तकं माझ्याकडं भरपूर होती. मराठ्यांचा सगळा इतिहास पाठीवर घेऊन मी रोज खाली जाऊन वर येत होतो.

सगळं काम हळू करायचं होतं, आणि आमच्या रक्तात हळू काही नाही. ऊस तोडायचा तर झपाट्यानं, जेवायचं तर झपाट्यानं. मॅडम म्हणायच्या, "सर, अजून हळू. कुठं गाडी भरायची आहे का?" तेव्हा मला हसू यायचं. त्या लातूरकडच्या, डॉक्टरांच्या घरातल्या. त्यांना उसाची गाडी भरणं म्हणजे काय ते कुठं माहीत असणार.

पौषात मला बरं वाटायला लागलं. कॉलेजचा जिना भिंतीला हात न लावता उतरलो आणि कुणाला तरी सांगावं म्हणून वळून बघितलं तर मागं फक्त शिपाई होता. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अभिनंदन सर," आणि पुढं गेला. संक्रांतीला गावी गेलो, एका घरी जेवायला बोलावलं होतं, खुर्ची आली. मी म्हणालो, राहू द्या, आणि सगळ्यांबरोबर खाली बसलो. मांडी घातली. ताटातली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी तोंडासमोर आल्यावर कळलं, वर्षभर मी सगळ्यांच्या डोक्यावर बसून जेवत होतो.

त्याच दिवशी डोक्यात वारं शिरलं. घरी अंगणात ज्वारीचं पोतं उभं होतं, पन्नास किलोचं. आक्कानं फोनवर सांगितलं होतं, पोरीचं वजन पन्नाशीच्या आतलंच हाय. मी विचार केला, भाची तर काही इथं नाही, पोतं आहे. वाकलो, दोन्ही हातांनी कवेत घेतलं, उचललं आणि ओट्याच्या पायऱ्या चढून वर नेऊन ठेवलं. सोपं गेलं! परत खाली आणलं. शेजारी कठड्यावर बसलेले दोघं-तिघं म्हणाले, "वा सर!" त्यांनी वा म्हटलं म्हणून मी अजून एकदा वर नेलं.

माय परसातून आली. "हमाली करायला शिकवलं व्हय तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठवायला दोन माणसं लागली.

बीडला आल्यावर मॅडमनी गुडघा बघितला, वाटीखाली दाबलं, मी ओरडलो. त्यांनी विचारलं काय केलंत, मी सांगितलं. त्यांनी वही मिटून बाजूला सारली. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तुम्ही मला जिना सांगितलात. जिन्यासाठी पोतं कशाला लागतं?"

मग मला सांगावं लागलं. आक्का, तिचं चालत जाणं, वैशाख, सगळं. मला वाटलं त्या हसतील किंवा सरळ म्हणतील, हे विसरा. त्यांनी वही पुढं ओढली आणि विचारायला सुरुवात केली. "खांद्यावर नेता की हातांवर? कुठून कुठपर्यंत? स्टेजला पायऱ्या असतील ना? त्यांना कठडा असतो का? पायांत काय घालणार?"

"हे सगळं तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"माझा मामा मला घेऊन उंबऱ्यात अडखळला होता," त्या म्हणाल्या. "माझ्या मुंडावळ्या भटजींच्या ताटात. हा विषय मला चांगला कळतो, सर. आधी सांगायचं ना. मी तुम्हाला तीन महिने जिन्यासाठी तयार करतेय आणि तुम्ही मनातल्या मनात नवरी उचलताय."

दोन आठवडे मागं जाऊन पुन्हा भिंतीपासून सुरुवात केली. पण आता सगळा व्यायाम लग्नाच्या हिशोबानं बेतलेला. जमिनीवरून उचलायचंच नाही, हा पहिला नियम. नवरीला उंच खुर्चीवर बसवायचं, म्हणजे मला खोल वाकावं लागणार नाही. पोत्यासारखं हिसका देऊन नाही, अंगाशी धरून हळू उभं राहायचं. मग पायरी, आणि प्रत्येक पायरीवर आधी चांगला पाय. सॅक पाठीवरून छातीवर आली. पुस्तकांच्या जागी गहू आले. मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यात खऱ्या माणसाला उचलून बघा.

खरं माणूस घरात एकच होतं. बायको भाजी निवडत होती. मी प्रस्ताव मांडला.

"मला माझ्या मामानं उचलून आणलंतं," ती मेथीकडं बघतच म्हणाली. "तुमी तेव्हा नुसते हार घेऊन उभे होते. आता इतक्या वर्षांनी काऊन आठवण झाली?"

"सराव हाय."

"सरावालाच आठवते व्हय मी?"

तरी ती उठली, पदर खोचला आणि डायनिंगच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी तिला उचललं. हॉलमधून स्वयंपाकघरात नेलं, परत आणलं. माय दारात उभी होती, तोंडाला पदर लावून हसत होती. "हळू," ती म्हणाली, "ट्यूबलाईटला डोकं लागंल तिचं." दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा रोजच्याइतकाच दुखला, म्हणजे जवळजवळ नाहीच. हे मी मॅडमना फोन करून सांगितलं. बायकोनं तिच्या बहिणीला फोन करून सांगितलं. कुणाचा फोन जास्त वेळ चालला ते सांगायला नको.

वैशाख आला. फडातली माणसं परत आली. चुलतभाऊ तलवाड्याच्या मांडवात भेटला, उन्हानं काळा ठिक्कर पडलेला, नवा शर्ट, गळ्यात उपरणं. माझा पाय खालपासून वरपर्यंत बघितला.

"काय बे, आला का जीव पायात?"

"बघशीलच."

"मी मागंच ऱ्हातो. डगमगलास तर दोघांला झेलतो. एकाचं वजन काय आन् दोघांचं काय."

स्टेज मात्र माझ्या सरावातल्या पायरीसारखं नव्हतं. लाकडी फळ्यांवर लाल गालिचा घातलेला, त्यामुळं पायरी कुठं संपते ते दिसत नव्हतं, आणि कठड्याच्या जागी फुलांची झालर. मी बूट काढून अनवाणी एकदा वर चढून खाली आलो. लोकांना वाटलं, सर देवाला नमस्कार करायला गेले.

भटजींनी माईक हातात घेतला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं! मुलीचे मामा!"

आक्का दारात उभी होती. आमच्याकडं अक्षता पडताना मुलीच्या आईनं बघायचं नसतं. ती आत जाते, तुळशीला पाणी घालत बसते आणि तिला फक्त वाजंत्री ऐकू येते. आक्कानं माझ्याकडं बघितलं.  वळून मागच्या अंगणात गेली.

भाची खुर्चीवर बसली होती, शालूत, मुंडावळ्या बांधलेल्या. मी वाकलो तर कानात म्हणाली, "मामा, दुखलं तर सांगा. मी पटकन उतरून चालते. कुणाला कळायचं बी न्हाई."

"तुझ्या आईला कळंल," मी म्हणालो. "गळ्यात हात टाक."

मॅडमनी सगळं शिकवलं होतं, फक्त शालू सांगितला नव्हता. पोतं घसरत नाही, बायकोची सुती साडी घसरत नाही, पण शालू म्हणजे साबण. उभा राहतो तोच भाची हातांतून खाली सरकायला लागली. मी अंगाशी आवळलं, तिच्या बांगड्या माझ्या सदऱ्यात अडकल्या, मुंडावळीची एक लड माझ्या तोंडात. तशीच दातांत धरली. बँड सुरू झाला. बँडच्या तालावर चालायचा मोह होतो, पण मी माझ्या सरावाच्या हळू चालीनं चाललो. लोक दोन्ही बाजूंनी माना वळवून बघत होते. पायरी आली. चांगला पाय वर, मग दुसरा. फळी हलली. गुडघ्यानं, मी इथं आहे, एवढंच सांगितलं आणि गप्प बसला. पुन्हा चांगला पाय, पुन्हा दुसरा. वर पोचलो, भाचीला पाटावर उभं केलं आणि तोंडातली मुंडावळी काढून नीट तिच्या कानामागं केली.

मागून चुलतभावाचा आवाज आला, "जमलं की बे!" आणि मला इतकं बरं वाटलं की मी भटजींनाच हात जोडले.

तेवढ्यात शूटिंगवाला धावत आला. "सर, सॉरी. एकदा परत घ्यावं लागंल. नवऱ्याच्या काकांचा फेटा मधी आला. सगळा फेटाच आलाय."

मांडव हसायला लागला. भटजी घड्याळ दाखवायला लागले, "मुहूर्त गाठायचाय, मुहूर्त!" चुलतभाऊ बाह्या सरसावत पुढं आला. "तू ऱ्हा. दुसऱ्या बारीला मी घेतो. तोंड मागून कुणाला दिसतंय?"

क्षणभर मला ते पटलंही. माझं काम झालं होतं. पण मागच्या अंगणात आक्का तुळशीपाशी बसली होती. तिनं यातलं काही बघितलं नव्हतं. तिला दिसणार होतं ते याच शूटिंगमध्ये.

"चल गं खाली," मी भाचीला म्हणालो.

ती शालू दोन्ही हातांनी वर धरून, हसत हसत, पायऱ्या उतरून पळाली आणि खुर्चीवर जाऊन बसली. नवरदेवाकडचा कुणी तरी ओरडला, "नवरी पळाली!" या खेपेला शालू कसा धरायचा ते मला कळलं होतं. काकांना दोघांनी धरून बाजूला बसवलं होतं. मी भाचीला उचललं आणि अगदी सावकाश, कुणाचं काही देणं नसल्यासारखा, मांडवाच्या मधोमध चालत गेलो. पहिल्या वेळी मला फक्त पायऱ्या दिसल्या होत्या. या वेळी माणसं दिसली. पुढच्या रांगेत माय बसली होती आणि शेजारच्या बाईला सांगत होती, "हवेत बसून बसून केलंय त्यानं हे."

रात्री गडी माणसं गच्चीवर झोपली. सकाळी जाग आली तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं. मी उठायच्या आधी वाटीखाली अंगठा दाबला. थोडं दुखलं, रोजच्याइतकं. गच्चीचा जिना अरुंद होता, सरळ उतरून आलो.

घर रिकामं वाटत होतं. अंगणात पत्रावळ्या, वाळून गेलेली फुलं, आणि भाड्यानं आणलेली मोठाली पातेली. आक्का घरामागं उष्टी भांडी मांडून बसली होती. पोरगी सासरी गेल्यावर बायका कामातच बसतात. शूटिंगवाल्यानं चुलतभावाच्या मोबाईलवर तेवढा तुकडा पाठवला होता, मोबाईल तिच्यापुढं विटेला टेकवून ठेवला होता. हात राखेनं भरलेले, म्हणून ती कोपरानं स्क्रीन चालवायला बघत होती.

मी शेजारी खाली बसलो आणि तो पुन्हा लावून दिला. ती शेवटपर्यंत बघत राहिली. मी पुन्हा लावला.

"लई हळू चाललास," ती म्हणाली.

"हळूच चालायचं होतं."

"आन् पहिल्या बारीचं कुटं हाय?"

"ते काकांच्या फेट्यामागं गेलं."

ती हसली. मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं दंडाला पुसलं. "चालत न्हाई गेली माझी पोर."

"खाली पळत गेली की एकदा."

"ते येगळं," आक्का म्हणाली आणि पुढ्यातलं पातेलं माझ्याकडं सरकवलं. "ऊठ आता. हे धुऊन झालंय, उचलून टेंपोपाशी नेऊन ठीव. न्यायला माणूस येऊन बसलाय. आन् ते दुसरं बी."

मी उठलो आणि उचललं.